दादाच्या हातची वेणी

हिवाळ्यात आमच्या शेतावर भरीत होतं, तेव्हा स्वयंपाक पुरुष करतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ ते करतात, हिरवी वांगी ते भाजतात, गरम असतानाच सोलतात आणि लाकडाच्या बडगीत मुसळाने ठेचतात. बायकांनी पुऱ्या लाटायच्या, तळायच्या आणि वाढायच्या. बडगीला बाईचा हात लागलेला मी कधी पाहिला नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण तो मोडलेलाही कुणी नाही.

माझ्या दादाच्या भरताचं नाव आहे. मिरच्या किती भाजायच्या, कांद्याची पात कधी टाकायची, हे त्याला नुसत्या वासावरून कळतं. पन्नास माणसांचं भरीत तो एकटा ठेचतो. घरी मात्र तेलाचा डबा कुठे असतो, ते त्याला विचारावं लागतं.

आई-बाबा गेल्यापासून जळगावच्या घरात आम्ही चौघं. दादा, वहिनी, त्यांची पहिलीतली मुलगी आणि मी. दादाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. जामनेरकडची शेती आबा, म्हणजे आमचे मोठे काका, पाहतात. वहिनी धुळ्याची. तिने रक्त तपासण्याचं शिक्षण घेतलं होतं, पण लग्नानंतर ते तसंच राहिलं. या हिवाळ्यात धुळ्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. आठवडाभर माहेरी राहायचं, शनिवारी जळगावला यायचं. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

दादा हो म्हणाला, तेव्हा मी स्वयंपाकघरातच तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "जा तू," तो म्हणाला. "पोरीचं मी पाहीन." वहिनीने गॅस बारीक केला, मग पुन्हा मोठा केला.

त्यानंतरच्याच रविवारी शेतावर भरीत होतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरची बोली मला पूर्ण कळते, पण माझ्या तोंडी ती उसनी वाटते, म्हणून अशा ठिकाणी मी फारशी बोलत नाही. पुऱ्या लाटत बसलं की सगळं ऐकू येतं आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

जाळाशेजारी चुलतभावाने मोबाइलवर कुठल्याशा चॅनलवरची चर्चा लावली होती. बायकांनी नोकरी करावी की घर सांभाळावं, नवऱ्याने भांडी घासली तर काय बिघडतं, असं चाललं होतं. सगळे एकाच वेळी बोलत होते. इकडेही तेच सुरू झालं.

"भांडे घासले म्हनून कोनी मरत नही," चुलतभाऊ म्हणाला.

"मंग घास ना आज," आबा म्हणाले. "कढई मोठी हाये."

सगळे हसले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं इंग्लिश शायेतली. तू सांग, काय खरं?"

मी मान खाली घालून लाटत राहिले. आबांनी दुसरा विषय काढला असता, पण चुलतभावाला कुठूनतरी बातमी लागली होती. तो दादाला म्हणाला, "तुह्या घरी बी हेच चाललं म्हने. वहिनी धुयाले जातीन अन् तू घर पाहाशीन."

दादा ठेचत होता. त्याचा हात थांबला नाही. आबांचं हसू मात्र गेलं.

"बाई माहेरी राहीन, तं लोकं काय म्हनतीन? नांदत नही म्हनतीन. अन् पोरीची वेनी कोन घालीन, तू?"

पुन्हा हसू. दादाही हसला. "नाही हो आबा," तो म्हणाला. "ते असंच आमचं बोलणं चाललं होतं. कुठे जाते ती."

वहिनी त्याच्या मागेच होती. पुऱ्यांची परात हातात घेऊन. ती तिथे आहे हे दादाला माहीत नव्हतं. मला दिसत होती.

तिने परात खाली ठेवली. आबांसमोर ती कधी मान वर करून बोलत नाही, आणि आमच्या घरी तिची भाषा पुस्तकातली, नीटनेटकी असते. त्या दिवशी तिच्या तोंडून तिच्या माहेरचे शब्द आले.

"मी सोमवारले जासू, आबा. त्यास्नी हां म्हणेल शे."

काड्या तडतडत होत्या. कुणीतरी मोबाइल बंद केला. दादाने मुसळ बडगीतच टेकवून ठेवलं आणि त्याकडे पाहत राहिला.

आबांनी त्याला विचारलं नाही. मला विचारलं. "हे खरं हाये का व माय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझे हात पिठाचे होते. दादाच्या मानेवरची शीर मला दिसत होती. लहानपणी सायकलवर त्याच्या मागे बसले की तीच दिसायची.

"हो, आबा," मी म्हणाले. "दादा माझ्यासमोर हो म्हणाला."

भरीत झालं, जेवणं झाली. दादा माझ्याशी बोलला नाही. परतताना गाडीत भाची मध्ये झोपली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. वहिनीने तिच्या डोक्यावरून माझा हात धरला आणि जळगाव येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी पहाटेच्या एसटीने ती गेली. स्टँडवर दादा सोडायला आला, बॅग वर ठेवली आणि गाडी हलायच्या आधीच परतला.

भाचीच्या शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागतात. मी कंगवा घेतला, तर दादाने तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे," तो म्हणाला. त्याच्याकडून आलेला तो पहिला शब्द. एक वेणी कानाजवळ, दुसरी मानेवर. पोरगी ओरडली, "बाबा, दुखतं!" त्याने सोडली, पुन्हा घातली. शाळेच्या फाटकापर्यंत तो तिला तशीच घेऊन गेला. चौकात कोण काय बोललं असेल ते मला माहीत नाही, त्याने सांगितलं नाही. रोज मी ऑफिसला निघायच्या आधी तो खाली बसून भांग पाडत असायचा, दात आवळून, जणू कुणाशी वाद घालतोय. तो राग माझ्यावर होता, वहिनीवर होता, की त्या दिवशी हसलेल्या स्वतःवर, हे मला कळलं नाही. अजूनही नाही.

शनिवारी वहिनी आली. मुलगी दारातच तिच्या कमरेला बिलगली. एक वेणी निम्मी सुटली होती. वहिनीचा हात सवयीने रिबिनीकडे गेला. दादा आतून पाहत होता. तिने हात मागे घेतला, मुलीचा गाल पुसला आणि वेणी तशीच ठेवली.