बाभळीच्या काट्यावरचं गाणं

काल नातवानं सीडी लावली. त्याच गाण्याची माझ्यापाशी जुनी तबकडी हाय. "आज्जे, आयक, खरखर बिलकुल न्हाई. ती तबकडी भंगारात दिऊ आता." मी आयकलं. गाणं साफ व्हतं, घासल्याल्या भांड्यावानी.

पन मला धाकल्या बहिणीचं लगीन आठवलं. दुष्काळात खडी फोडून आमी मांडव घातल्ता. ही तबकडी वाजवायच्या आमच्या चावीच्या बाजाची सुई ऐन वक्ताला मोडली. नवरदेवाचा मामा हासला, "मुकंच लगीन लावता काय, बाई?" बहिणीनं मान खाली घातली. मला ते बघवलं न्हाई. कुपाटीच्या कुंपनातला बाभळीचा काटा मोडला अन् सुईच्या जागी बसवला. आवाज बारीक निघाला, पन निघाला. एका गाण्यात काटा बोथट व्हायचा. मंग वरात निघंपतूर मी काटेच मोडत राह्यले. बोटं रगतानं भरली. "आता बोला, मामा," म्हनलं.

तबकडीतली खरखर म्हंजे त्या मांडवातली धूळ हाय. ती सीडीत कुठून येनार?

नातवाला म्हनलं, "भंगारात काही जायचं न्हाई. तू बाजा पुसून ठेव. काटा मी आन्ते."