साहेबाचं गरम सँडविच

भिसेगावचा हिरामण कर्जतला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होता. नाताळ होऊन दोन दिवस झाले, तरी मुंबईहून आलेली हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, संपायचं नाव घेईना. सकाळी मडमेनं हुकूम सोडला, "साहेब अकरा की गाडीसे आयेगा. हॅम का सँडविच मंगता. गरम! एकदम गरम!"

पाव एकच, तोही परवाचा. हिरामणनं कापांना लोणी लावलं, मधे मांस घातलं आणि तव्यावर दाबून खरपूस भाजलं. अकरा वाजले, बारा वाजले, गाडीचा पत्ता नाही. मडमेनं गार पाव बोटानं दाबून पाहिला आणि ताट ढकललं. त्यानं नवे काप घेऊन पुन्हा भाजले. तेवढ्यात निरोप आला, गाडी घाटात अडकलीय.

आता पावाचे चारच काप उरले. हिरामणनं वैतागून शेगडी उचलली नि स्टेशन गाठलं. निखारे बघून मास्तर खेकसला, तसा तो फलाटाच्या टोकाला वारा अडवत बसला. गाडी आली तेव्हा तव्यावर दोन सँडविचं चुरचुरत होती.

साहेब उतरला. एक उचलून घास घेतला, उरलेलं कुत्र्याला टाकलं. "हम लोणावळा में खाया," म्हणाला आणि चालता झाला.

हिरामणच्या मस्तकात तिडीक गेली. या मांसाला हात लावतो म्हणून वैशाखात चुलत्यानं, कोंडाजीनं, त्याला लग्नाच्या पंगतीतून उठवलं होतं. आणि त्यानं ते कधी चाखलंही नव्हतं! त्यानं तव्यावरचं दुसरं सँडविच उचललं आणि सगळ्यांदेखत खाल्लं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगून टाकलं. अंबाबाई हबकली. मग दार लोटून हळूच म्हणाली, "कसं लागलं वो?"

"खारट. नुसतं खारट! याच्यापायी मला पानावरनं उठवलं, अंबे!"

दोन दिवसांत बातमी गावभर झाली. कोंडाजी चार जणांना घेऊन दारात आला. "हिरामण, आता प्रायश्चित्त घ्यावं लागंल रं."

"नाय घेत. खाल्लं नव्हतं तवा उठवलंत. आता खाल्लंय, तर आणखी कुठनं उठवणार, काका?"

कोंडाजी चौघांना घेऊन आल्या पावली परत गेला. पण माघात भावकीत लग्न झालं, त्याचं बोलावणं हिरामणला आलं नाही.