पोरगी जिवंत झाली
लेकीसाठी आणलेल्या नव्या बास्केटबॉलचं प्लॅस्टिक फाडलं आणि रबराच्या त्या वासाने मी थेट नवघरच्या मैदानात पोहोचले. कॉलेजची फायनल होती, मी फॉरवर्ड, आणि आई पहिल्यांदाच माझी मॅच बघायला आली होती. लग्नाआधी तिने रत्नागिरीकडच्या आपल्या गावात कबड्डी गाजवलेली, त्यामुळे तिला बास्केटबॉलचे नियम समजावून सांगायची कुणाची हिंमत नव्हती. सिमेंटचं कोर्ट उन्हाने इतकं तापलं होतं की बुटांतूनही तळवे भाजत होते. मॅच संपत आलेली, आम्ही एका पॉइंटने मागे, आणि नेमका तेव्हाच मला पाचवा फाऊल लागला. म्हणजे मी बाहेर, परत आत येणं नाही. डोक्यावर टॉवेल घेऊन मी रडत बसले. तेवढ्यात माझ्या जागी गेलेल्या पोरीने बास्केट टाकली, आणि गर्दी सारून आई थेट रेषेवर आली. "ओ शिट्टीवाले! आमचा पॉइंट झाला, आमची पोरगी जिवंत झाली. घ्या तिला आत!" रेफरी हसू दाबत म्हणाला, "काकी, ये कबड्डी नहीं है." "मग काय झालं? पॉइंट तर झाला ना!" समोरच्या टीमच्या पोरीसुद्धा पोट धरून हसल्या, आणि मी टॉवेल तोंडात कोंबून. त्याच बास्केटवर आम्ही जिंकलो. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला. आता लेकीच्या मॅचला आम्ही दोघी कडेला बसतो. तिची बास्केट पडली की आई आजही मला कोपराने ढोसते, "ऊठ, झालीस जिवंत."