भिंतीवरचा पंच्याऐंशी

पोहण्याच्या तलावाच्या गॅलरीखाली एक लांबट खोली होती. तिच्या छतावरून तलावाचे पाइप गेलेले, त्यांना बारा महिने घाम फुटलेला, आणि जिथे सगळ्यात जास्त ठिबकायचं तिथे पत्र्याचा डबा ठेवलेला. डबा भरला की ओतायचा, पुन्हा ठेवायचा. बाकी खोलीभर लोखंड. ही वजनांची खोली, आणि गेली बावीस वर्षं ती जिच्या ताब्यात होती ती आत्या.

आत्या तशी एकाच मुलीची. पण त्या मुलीच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्यांनीच तिला आत्या करून टाकलं होतं. पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले गृहस्थसुद्धा बारखाली अडकले की "आत्या, धरा" म्हणायचे. ती धरायची, पण दोन शब्द ऐकवल्याशिवाय नाही. "आधी विचार करायचा, मग उचलायचं. तुमचं उलटं चाललंय," असं म्हणून ती बार जागेवर ठेवायची आणि पुन्हा खडूच्या पेटीकडे वळायची.

तरुणपणी ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरींची जी गाठोडी दोन बायका मिळून ओढत, ती आत्या एकटी खांद्यावर टाकून चालू पडायची. कुणीतरी ते पाहिलं आणि तिला वजन उचलायला नेलं. आठ वर्षं तिने स्पर्धा गाजवल्या. शेवटच्या स्पर्धेत सोनं हातात होतं, पण हिला हाव सुटली. गरज नसताना पाच किलो जास्त मागितले, बार डोक्यावरून मागे गेला आणि गुडघाही त्याच्याबरोबर गेला. त्याबद्दल ती कुणाला बोल लावत नसे. "माझी हार माझीच होती, कुणाकडून उसनी नव्हती," एवढंच म्हणायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर उचलण्यातच वेळ गेला म्हणायची.

खोलीची एक पद्धत होती. समोरची भिंत काळी रंगवलेली, आणि कुणीही स्पर्धेला निघालं की त्याआधी दहा-बारा दिवस आत्या त्याला पूर्ण जोर लावून एकदा उचलायला लावायची. जो आकडा येईल तो खडूने भिंतीवर, नावापुढे, तारखेसकट. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या भिंतीवर अर्धा किलोही कधी वाढीव टिकला नव्हता. एकदा एका उत्साही पोराने आपल्या साठाचे बासष्ट केले, तर आत्याने भर खोलीत ते त्याच्याच रुमालाने पुसायला लावले. आकड्याच्या बाबतीत ती नाकावर माशी बसू देत नसे.

वर तलावावर पोहणं शिकवणारे सर होते. त्यांच्यात नि आत्यात विस्तव जाईल तर शपथ. पाच वर्षांपूर्वी एका बैठकीत सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, तुमची पोरं पाण्यात टाकली तर तळाशी सापडतील." आत्या गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच. "आणि तुमची पोरं पाण्याबाहेर काढली तर त्यांना एक बादली उचलवत नाही," असं तिने सुनावलं. शब्दाने शब्द वाढला. सरांनी फर्मान काढलं, की माझ्या पोहणाऱ्यांपैकी कुणी त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. आत्यानेही ठरवून टाकलं, की आता तलावाचा जिना चढायचा नाही. दोघं एकाच इमारतीत, एकाच पाइपखाली नि पाइपवर, पाच वर्षं एकमेकांचं तोंड न बघता राहिले. मोठी माणसं फुगून बसली की लहान मुलांपेक्षा वाईट, कारण त्यांची समजूत काढायला कुणी येत नाही.

घोडं अडलं ते बारकीपाशी. बारकी म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. वेळेआधी जन्मली, मुठीएवढी होती, म्हणून बारकी. आता दारातून जाताना तिला मान वाकवावी लागायची, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती पोहायची, शंभर मीटर. हात लांब, श्वास दांडगा, पण काठावरच्या ब्लॉकवरून उडी मारली की जवळच पडायची, आणि भिंतीला पाय लावून वळताना तो पाय भिंतीला नुसता विचारून यायचा. बासष्ट सेकंदांच्या आसपास तिचं गाडं अडकलं होतं. निवड हवी तर साठच्या आत यायला हवं होतं. निवड झाली तर संघ, आणि संघाबरोबर निवासी प्रशिक्षण केंद्र. वयाच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षीपासून मोठ्या बायकांबरोबर, आणि तिथे साठला कुणी विचारत नाही.

"आत्या, माझे पाय कमव," ती एका सकाळी मागच्या दाराने येऊन म्हणाली. "सरांना कळता कामा नये."

आत्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. भाची आली याचा झाला, आणि सरांच्या नाकाखालून आली याचा जरा जास्तच झाला.

दहा महिने चाललं. आठवड्यातून तीन सकाळी बारकी खाली यायची, खांद्यावर बार घेऊन बैठका काढायची, पेटीवर उड्या मारायची. संध्याकाळी वर पाण्यात. सरांना ताकास तूर लागू द्यायची नाही. सुरुवातीला पायांचे खांब झाले, वेळ उलटी वाढली. मग हळूहळू उडी लांब पडायला लागली, वळण घेताना पाय भिंतीला असा लागायचा की बारकी दहा मीटर नुसत्या झेपेवर जायची. बासष्टाचे साडेएकसष्ट झाले, मग साठ पूर्णांक सात. सर हे आपण शिकवलेल्या उडीचं फळ समजत असतील, असं आत्याला वाटायचं. खाली डबा ओतता ओतता ती मनातल्या मनात हसायची.

निवडीला बारा दिवस उरले तेव्हा आत्याने रीतीप्रमाणे आकडा काढायचं ठरवलं.

"पाय जड वाटतायत गं," बारकी म्हणाली.

"जड वाटणारच. ताकद बसतेय."

"सर म्हणतात मी अंग चोरते. पोहायचं अंतर वाढवलंय माझं."

"तुझे सर काय म्हणतात ते मला सांगू नकोस," आत्या म्हणाली, आणि बारला आणखी दोन चकत्या लावल्या.

पंच्याऐंशी किलो. बारकी खाली बसली, मध्येच अडकली, दातओठ खाल्ले आणि उठली. खोलीने टाळ्या वाजवल्या. भिंतीवर आत्याने ठसठशीत लिहिलं, बारकी, ८५, आणि तारीख. तिचे डोळे भरून आले होते, पण खडूची पूड गेली म्हणून तिने ते पुसले.

वजन उचलणाऱ्यांसाठी हा हिशेब बरोबर होता. ताकद आणि थकवा दोन्ही एकदमच अंगात शिरतात. मग हलकं करत न्यायचं, थकवा आधी उतरतो आणि ताकद मागे राहते. दहा-बारा दिवस पुरतात. आत्यानेही पुढे हलकंच केलं, अगदी वहीत आखल्याप्रमाणे. फक्त वजन उचलणारी माणसं संध्याकाळी वर जाऊन सहा हजार मीटर पोहत नाहीत. आत्याच्या वहीत लोखंड होतं. पाणी नव्हतं. पाच वर्षं जिना न चढलेल्या बाईच्या वहीत ते येणार कुठून?

निवडीच्या दिवशीही ती वर गेली नाही. खाली बाकावर बसून छताकडे कान लावले. पावलं, शिट्टी, मग एक मोठा गलका, तो विरला. भोंग्यावर कुणीतरी काहीतरी सांगितलं, पाइपांमधून नुसतं घुं-घुं आलं. बऱ्याच वेळाने दारात वहिनी उभी राहिली, बारकीची आई. हातात ओला टॉवेल.

"वन्सं, एकसष्ट नऊ," ती म्हणाली. "शेवटच्या वीस मीटरला पाय हललेच नाहीत तिचे. नुसते मागून ओढत होती."

"कुठाय ती?"

"घरी गेली. तुम्ही आत्ता येऊ नका."

पहिले दोन दिवस आत्याने सगळं खापर सरांवर फोडलं. रिकाम्या खोलीत चकत्या आपटत त्यांना काय काय बोलली, ते इथे सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतःच जिना उतरून आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. ती काही बोलायच्या आत त्यांची नजर भिंतीवर गेली, आणि ते तारखेपाशी थांबले.

"बारा दिवस आधी?" त्यांनी विचारलं.

"आमची रीत आहे."

"त्याच आठवड्यात मी तिला रोज सहा हजार मीटर लावले. मला वाटलं, कामचुकारपणा करतेय." ते बाकावर बसले. चेहरा एकदम म्हातारा दिसला. "एक शब्द बोलला असतात, तर मी पाणी निम्मं केलं असतं."

"तुम्ही तिला इथे पाय ठेवू दिला असता?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. "उडी बघून मला उन्हाळ्यातच कळलं होतं, की ही कुठेतरी पाय कमावते आहे. तेवढी उडी माझ्या शिकवण्यातून येत नाही. विचारायला हवं होतं. तुम्ही वर येऊन सांगाल, म्हणून थांबलो."

"आणि मी तुम्ही खाली यायची वाट बघत होते," आत्या म्हणाली.

डब्यात पाणी ठिबकत राहिलं. दोघांनाही एकमेकांवर ओरडावंसं वाटलं नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

बारकी निवडीनंतर ना पाण्यात उतरली, ना खाली आली. घरी आत्या गेली की कुशीवर वळून पडायची. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, हेच आत्याला खात होतं. "दमले गं," एवढंच म्हणायची. वहिनी जेवायला वाढायची, पण वन्संशी डोळ्याला डोळा देत नव्हती.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी सरांनी वरून निरोप धाडला, जरा या. आत्याने जिन्याच्या कठड्याला धरलं. गुडघा कुरकुरला. वर पोचली तेव्हा त्या पाण्याच्या वासाने डोळे चुरचुरले, आणि तलाव तिला आठवणीतल्यापेक्षा फार लांब वाटला. हे एवढं सगळं ती पोर रोज हातांनी मागे लोटत होती.

बारकी काठावर उभी होती. पोहणं सोडायचं म्हणून तिथल्या कपाटाची किल्ली परत द्यायला आली होती. सर तिला म्हणाले होते, किल्ली घेतो, पण एकदा शंभर मीटर पोहून जा, कुणासाठी नाही, अशीच. तिने पोशाख चढवला होता, तोही नाइलाजाने.

"तुम्ही धरा," असं म्हणून सरांनी घड्याळ आत्याच्या हातात दिलं.

शिट्टी वाजली. बारकीने उडी मारली, आणि आत्याने इतके महिने जिच्यासाठी चकत्या लावल्या ती उडी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. पोर हवेतून गेली, गेली, आणि फार पुढे पाण्यात शिरली. वळणावर पाय भिंतीला लागला, त्याचा आवाज काठापर्यंत आला. शेवटच्या वीस मीटरला पायांमागे पांढरा फेस उसळत होता. हात भिंतीला टेकला तसं आत्याने बटण दाबलं.

एकोणसाठ चार.

तिने पुन्हा पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. त्यांनीही आकडा पाहिला होता, आणि ते पाण्याकडे बघत राहिले.

बारकी दोरीला लटकून धापा टाकत होती. "किती?" तिने विचारलं.

संघ कधीच रवाना झाला होता. वर्ष संपलं होतं. हा आकडा कुठल्याही कागदावर चढणार नव्हता. एकसष्ट म्हटलं असतं तर पोर, आपली पोच एवढीच असं समजून, मान हलवून, किल्ली देऊन घरी गेली असती, चार दिवसांनी विसरलीही असती, आणि आत्याला पुन्हा भावाच्या घरात सुखाने घास उतरला असता. तोंडापर्यंत आलं होतं तिच्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला आकडा बदलावासा वाटला.

ती ओल्या फरशीवर, दुखऱ्या गुडघ्यासकट, खाली बसली. घड्याळ बारकीच्या डोळ्यांसमोर धरलं.

"एकोणसाठ चार. हे त्या दिवशीही तुझ्या अंगात होतं. मी ते थकव्याखाली पुरलं. वर किती पाणी कापतेस ते विचारलं नाही, जिना चढायला नको म्हणून."

"मीही," सर मागून म्हणाले.

बारकी कितीतरी वेळ घड्याळाकडे बघत राहिली. पाणी तिच्या केसांतून आत्याच्या मनगटावर गळत होतं.

"सोळा दिवस मला वाटत होतं," ती म्हणाली, "की मीच कमी पडले."

आणि ती रडायला लागली. निवडीच्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं आत्ता. आत्याने हात पुढे केला. बारकीने तो धरला नाही, झटकलाही नाही. काठावर डोकं टेकून ती रडत राहिली, आणि आत्या तिच्यासमोर तशीच बसून राहिली, हातात ते थांबलेलं घड्याळ घेऊन.