एक जूनचे दोन मास्तर

माझे वडील आणि काका दोघंही एक जूनला जन्मले. म्हणजे कागदावर. काका काही सख्खे नव्हेत. वडिलांच्याच शाळेतले, गारगोटीकडचे मास्तर, पण आमच्या घरी इतक्यांदा जेवायचे की काकाच झाले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते बिद्रीजवळच्या खेड्यातले. त्यांच्या लहानपणी खेड्यात पोराला शाळेत आणलं की मास्तर सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर शाळेच्या वयाचं. मग जन्मतारीख टाकायची एक जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. अर्धा कोल्हापूर जिल्हा असा एक जूनला जन्मलाय. ह्या दोघांचे कानही एकाच साली हाताला लागले, त्याचं आम्हाला भारी हसू यायचं. पुढं नेमकं तेच नडलं.

दोघं कोल्हापुरातल्या एकाच हायस्कुलात एकाच दिवशी नोकरीला लागले होते. अण्णा गणित शिकवायचे, काका मराठी. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा जुने हेडमास्तर निवृत्त झाले. ज्याची सेवा जास्त तो हेडमास्तर, हा नियम. सेवा सारखी असेल तर वयानं थोरला असेल तो. आणि इथं बघावं तर वयसुद्धा सारखं! संस्थेच्या सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, तुम्ही दोघं मिळूनच लिहून द्या थोरला कोण ते, आम्ही तसंच वर पाठवतो.

हेडमास्तराच्या पगाराबद्दल लोकांच्या डोक्यात काहीतरी भलतंच असतं. मी स्वतः हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाले, मला विचारा. पगार वाढतो चिमूटभर आणि डोकेदुखी पायलीभर. छप्पर गळलं तरी तुम्ही, शिपाई आला नाही तर घंटाही तुम्हीच द्या. पण पेन्शन बसते शेवटच्या पगारावर, आणि जन्मभर खडू झिजवणाऱ्या मास्तराला चढायला पायरी काय ती तेवढीच. आम्ही तिघी बहिणी लग्नाच्या, घर भाड्याचं, अण्णांची नोकरी थोडी उरलेली. आईनं मनातल्या मनात ती खुर्ची कधीच घरात आणून ठेवली होती.

निकाल लागेपर्यंत शाळा दोघांनी चालवायची होती. तर दोघंही त्या खुर्चीवर बसेनात. शिक्षकांच्या खोलीतल्या दोन खुर्च्या त्यांनी टेबलाच्या दोन बाजूंना टाकल्या आणि मधली मोठी खुर्ची तशीच रिकामी. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "खुर्चीला काय इंगळ्या लागल्यात व्हय?"

अण्णांच्या जन्माची खूण पक्की होती. त्या साली नदीला मोठा पूर आला होता, अख्खं गाव उंचावरच्या देवळात जाऊन बसलं होतं, आणि तिथंच ते जन्मले. आजी असेपर्यंत त्यांना 'पुरातला' म्हणायची. काकांना मात्र स्वतःबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्यांची आई गावाकडं एकटी राहायची. पूर त्यांच्या गावातही शिरला होता, तेव्हा तिलाच विचारायचं ठरलं. माझ्या आईनं मला संगं धाडलं. माझं तेव्हा बी.एड. चालू होतं. आई म्हणाली, तू जा बाई, ह्यांचा काय भरवसा न्हाय, कुणालाबी कायबी देऊन मोकळे होतील.

काका दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की गारगोटीची एस.टी. धरायचे. आईसाठी मिसरीची पुडी आणि खारी घ्यायची आणि जायचं, यात कधी खंड नाही. त्या शनिवारी आम्हीही गेलो.

म्हातारी दारातच बसली होती. काकांनी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, हेडमास्तरला शनवारची सुट्टी असती का रं? काका म्हणाले, कुठली आलीय, शनिवारी दुपारी तर संस्थेची बैठक असते. मग अण्णांनी विचारलं, आई, तो मोठा पूर आला तेव्हा हा झाला होता का?

"न्हाय बा," म्हातारी म्हणाली. "पूर वसरला, त्या दिवाळीत झाला ह्यो."

म्हणजे अण्णा थोरले! मला तिथंच उडी मारावीशी वाटली. काकांनीच अण्णांच्या पाठीत थाप मारली.

मग जेवायला बसलो. भाकरी, वाटाण्याची आमटी, वर मिरचीचा खर्डा. म्हातारी खुशीत होती, मला आग्रह करकरून वाढत होती. मीही आपली बोलायचं म्हणून बोलले, आज्जी, पुरात तुमचं घर गेलं का हो? झालं, म्हातारीला रंगच चढला. भिंत कशी पडली, म्हस कशी सोडून दिली, सगळं सांगत सुटली. "कमरंएवढं पाणी बघ. डोस्क्यावर पाटी, आन पाटीत ह्यो. रडला सुदिक न्हाय, गप निजलेला."

आणि एकदम थांबली. हातातली भाकरी हातातच राहिली. मला माझी जीभ चावून तुकडा पाडावासा वाटला. काका ताटात बघत बसले. अण्णांनी वाटी पुढं केली आणि म्हणाले, आई, आमटी वाढा की जरा.

परतीच्या एस.टी.त काका म्हणाले, दिवाळीच लिही. माझी सही घे, मला त्याचं काय वाटणार नाही. अण्णा कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी माझ्या बापाला ओळखून होते.

दुसऱ्या दिवशी ते लिहायला बसले तेव्हा मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. आम्ही तिघी आहोत, म्हातारपण आहे, आणि सांगणारी तर त्याचीच आई, तुमचं काय जातंय? अण्णांनी सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "तिनं त्याला पाण्यातनं डोक्यावर घेऊन आणलाय. मी त्याला परत पुराच्या मागं ढकलू व्हय?"

काका हेडमास्तर झाले. पेढे घेऊन आले, ते आईनं देवापुढं ठेवले आणि कुणालाच दिले नाहीत. पुढं कितीतरी दिवस अण्णांच्या भातावर तूप पडलं नाही. मीही गाल फुगवून होते. आज हसू येतं, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आणि काकांचे शनिवार गेले. बैठक, तपासणी, पगारपत्रकं. महिना महिना गावाकडं पाय वळेना. पावसाळा संपल्यावर एके दिवशी गारगोटीच्या गाडीचा कंडक्टर फडक्यात बांधलेली भाकरी आणि खर्डा घेऊन आमच्या दारात उभा. म्हातारीचा अण्णांना निरोप होता: खरं बोललास, ब्येस केलंस. पर माझा शनवार तू घालीवलास. आता तूच येत जा.

अण्णांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. फडकं हातात धरून ते तसेच उभे राहिले, आणि आईनं पदर डोळ्यांना लावला. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मिसरी घेतली, खारी घेतली आणि एस.टी. धरली. मग ते जातच राहिले. पुढं पुढं पिशवी आईच भरून ठेवायची.

अण्णांची पेन्शन शेवटपर्यंत साध्या मास्तराचीच राहिली, ओढाताण काही संपली नाही. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. शेजारचा कुणी नवखा म्हातारीला विचारत होता, हे पावणं कोण, दर शनवारी दिसत्यात? म्हातारी मिसरी लावता लावता म्हणाली, "थोरला हेडमास्तर हाय, त्येला येळ न्हाय. ह्यो माझा धाकला."