पंचमीची सुई

दवाखान्यात नोकरी केली की पगारापेक्षा किस्सेच जास्त साठतात! लढाईच्या काळात मी सांगलीला एका डॉक्टरांकडे नर्स होते. तिथले माझे निम्मे किस्से शिराळ्याच्या एकाच आक्कांचे आहेत.

*

आक्कांच्या सुनेला, तारीला, अठराव्या वर्षी मधुमेह झाला. मुलगा पलटणीत, रोज इन्सुलिन टोचणार कोण? मी आक्कांना वांग्यावर सुई मारायला शिकवलं. दहा वांगी झाली. पण पहिल्यांदा तारीचा दंड समोर आला आणि आक्कांनी सुई खाली ठेवली.

"आक्का, जमत होतं की!"

"आवं बाई, वांगं वरडत न्हाई!"

*

डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाटली गारव्याला ठेवा."

पुढच्या खेपेला विचारलं, तर आक्का म्हणतात, "हिरीत सोडलीया, कळशीत घालून. लय गार हाय!"

*

लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून उकळायची. साखर जास्त असली की रंग विटकरी होतो. तारीची नळी विटकरी झाली.

आक्का खूश! "झ्याक रंग आलाय. असलं लुगडं घ्याया पायजे!"

*

श्रावणात मात्र तारीला मोटारीतून उचलूनच आणली. ओकाऱ्या, धापा टाकल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास. हाक मारली तरी ओ नाही.

"सुई कधी दिलीत?"

"चतुर्थीला तिचा उपास. पोटात अन्न न्हाई, मग सुई कशाला? आन् नागपंचमीला आमच्यात चिरायचं न्हाई, टोचायचं न्हाई."

सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "आक्का, इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर अंगाला लागत नाही. मग शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. त्यानं माणूस जातो! जेवण नसलं तरी सुई आपल्या मनानं बंद करायची नाही. आम्हाला विचारायचं."

आम्ही तासातासाला तपासत होतो, इन्सुलिन देत होतो. डॉक्टर जेवायला उठले नाहीत. आक्का पायथ्याशी बसून एकच म्हणत होत्या, "माझ्या हातनं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तारीनं पाणी मागितलं.

*

पुढच्या वर्षी नागपंचमीला मला राहवेना. पहिल्या मोटारीनं सुई घेऊन शिराळ्याला गेले. आक्का दारात आडव्या झाल्या तरी टोचायचीच, असं ठरवूनच!

तारी दंडावर कापूस दाबून ओसरीवर बसलेली.

"कोणी दिली गं?"

"मीच की!" आक्का आतून म्हणाल्या.

"आणि नागोबा?"

"त्येला सकाळीच दूध ठिवून सांगितलं. आज या घरात सुई चालणार. राग आला तर मला डस, पोरीला न्हाई!"