एक पात तुटू न दिलेला गवती चहा

पेठ नाक्यावर ती गवती चहाच्या जुड्या घेऊन बसायची. जुडी देण्याआधी एक पात तोडायची, दोन्ही तळव्यांत चुरगाळायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. तिचं नाव मला आजही माहीत नाही, पण तिचे उपकार विसरणार नाही.

मी वाशीमकडचा, सातवीतच शाळा सुटलेला. नाशकात एका बंगल्यावर माळीकाम मिळालं होतं. बाईसाहेबांची नात तीन महिन्यांची. बाळाला धुराचा त्रास नको, म्हणून डास पळवायला मी व्हरांड्याभोवती हेच गवत लावलं. ते कमरेएवढं वाढलं, पण डास हलेनात. "रविवारपर्यंत बघते, नाहीतर दुसरा माळी," बाईसाहेब म्हणाल्या.

मी नाक्यावर त्या जुड्यावालीसमोर जाऊन उकिडवा बसलो. "मावशी, गवत लावलं तरी डास जात नाहीत."

"कापतो का?"

"छे! एक पात तुटू दिली नाही."

ती खदखदून हसली. "अरं, नुसतं उभं गवत काय करंल? कापलं, चुरगाळलं की वास सुटतो. त्याला इळ्याचं भ्या नाय, तुलाच हाय!"

मी पळतच आलो. सपासप कापलं, पाती ठेचून व्हरांडाभर पसरल्या, आणि काय तो घमघमाट! हातांना, सदऱ्याला, सगळीकडे लिंबाचा वास! संध्याकाळी बाईसाहेब बाहेर आल्या, डास चावतो का बघत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. त्या परत आल्या त्या बाळाला कुशीत घेऊनच.

"उद्याही कापाल ना?" त्यांनी विचारलं.

हो म्हणत मी विळ्याला धार लावायला बसलो.